प्रश्नोत्तरे : टर्बो स्नोमोबाईलला बूस्ट गेज जोडताना

टर्बोचार्जर असलेल्या स्नोमोबाईलवर वेगळा विकत घेतलेला बूस्ट गेज (टर्बोने हवेवर चढवलेला जादा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारे मापक) बसवण्याविषयी वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले एकमेकांशी संबंध असलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना अधिक जागा दिली आहे, कारण गेजचा उपयोग होणार की त्याच्यामुळेच इंजिनाचे नुकसान होणार, हे बहुतांशी त्या दोन मुद्द्यांवर ठरते.

प्रश्न : माझ्या टू-स्ट्रोक स्नोमोबाईलला कंपनीनेच टर्बो दिलेला आहे. साधारण ३,००० मीटर उंचीवर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मूळ डिस्प्लेवर १३० किलोपास्कलच्या आसपास आकडा येतो, तर मी बसवलेल्या गेजवर त्याच क्षणी ६० दिसतो. खाली १,५०० मीटरवर मूळ डिस्प्ले तेवढाच आकडा दाखवतो, पण माझा गेज ४५ च्या पुढे जात नाही. नवीन गेज सदोष समजून परत करावा का?

उत्तर : परत करू नका. आपण दिलेले चारही आकडे एकमेकांशी जुळतात आणि दोन्ही उपकरणे नीट काम करत आहेत. दोघांचे शून्य मात्र वेगवेगळे आहे. मूळ डिस्प्ले निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे पूर्ण निर्वाताला शून्य धरून एअरबॉक्समधला (इंजिनात जाणारी हवा जिथे जमते त्या पेटीतला) सगळा दाब मोजतो. आपला गेज भोवतालच्या हवेच्या दाबाला शून्य धरतो आणि टर्बोने त्यावर किती भर घातली एवढेच सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी १०१.३ किलोपास्कल असतो. १,५०० मीटरवर तो सुमारे ८४.५ आणि ३,००० मीटरवर सुमारे ७० पर्यंत उतरतो. शिखराजवळच्या ७० मध्ये गेजचे ६० मिळवले की १३० होतात, खालच्या ८४.५ मध्ये ४५ मिळवले की पुन्हा जवळजवळ १३०. आपल्या स्नोमोबाईलचा ईसीयू (इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक) इंजिनाला मिळणारा निरपेक्ष दाब कायम ठेवण्यासाठी धडपडतो आहे, आणि विरळ हवेत त्यासाठी टर्बोला किती जास्त काम करावे लागते हे आपला गेज दाखवतो आहे.

कंपनीने बसवलेल्या टर्बोंचा मूळ हेतू पुष्कळदा हाच असतो. स्की-डूने २०२० च्या मॉडेलवर्षात रोटॅक्सचे ८५० ई-टेक टर्बो इंजिन आणले, तेव्हा समुद्रसपाटीचे १६५ अश्वशक्तीचे बळ ८,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २,४४० मीटरपर्यंत टिकवून धरणे हे त्याचे उद्दिष्ट होते. अशा यंत्रावर चढ चढताना गेजचा आकडा वाढत जाणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. उलट तो पायथ्याशी आणि शिखरावर सारखाच राहिला, तर काही तरी अडते आहे असे समजावे.

नंतर बसवलेल्या टर्बो किटची गोष्ट याहून वेगळी असू शकते, आणि इथे मला वाचकांना विशेष सावध करावेसे वाटते. अनेक साध्या किटमध्ये वेस्टगेट, म्हणजे बूस्ट ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की एक्झॉस्टचे वायू टर्बाइनला (टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या चाकाला) वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह, केवळ स्प्रिंगच्या जोरावर चालतो. त्याच्या डायफ्रामच्या एका बाजूला बूस्टचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला भोवतालची हवा, त्यामुळे तो या दोहोंतला फरक जवळजवळ कायम ठेवतो. स्प्रिंग ५० किलोपास्कलची असेल तर गेज सगळीकडे साधारण ५० दाखवेल; पण समुद्रसपाटीला इंजिनाला निरपेक्ष १५१ मिळतील आणि ३,००० मीटरवर १२०. आता असे समजा की कोणी ३,००० मीटरवर ७० किलोपास्कल बूस्ट ठेवून, म्हणजे निरपेक्ष १४० धरून, इंधनाचे गणित बसवले आणि तीच स्नोमोबाईल तशीच १,००० मीटरवर आणून पूर्ण थ्रॉटल दिला. तिथे भोवतालचा दाब ९० आहे. गेजवर तेच ओळखीचे ७० दिसतील, चालकाला सारे नेहमीसारखे वाटेल, आणि इंजिनाच्या वाट्याला मात्र १६० येतील. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर डिटोनेशन (सिलेंडरमधल्या मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सुरू व्हायला एवढी वाढ पुरेशी ठरू शकते. म्हणून उंची न सांगता सांगितलेल्या बूस्टच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. कोणी आपल्याला “मी आठ पीएसआयवर चालवतो” असे सांगितले, तर किती उंचीवर आणि कोणत्या पेट्रोलवर हे आधी विचारावे.

उंचीचा आणखी एक परिणाम गेजवर दिसत नाही, पण तो ध्यानात ठेवावा. निरपेक्ष १३० किलोपास्कल मिळवायला समुद्रसपाटीवर कॉम्प्रेसरला (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाला) हवा सुमारे १.३ पट दाबावी लागते, तर ३,००० मीटरवर जवळजवळ १.९ पट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर उणे १० अंशांची हवा पहिल्या स्थितीत साधारण १५ ते २० अंशांवर बाहेर पडते आणि दुसऱ्या स्थितीत ६० अंशांच्या पुढे जाते. डिस्प्लेवरचा निरपेक्ष आकडा तोच असला तरी हवा गरम, म्हणून विरळ, आणि डिटोनेशनला अधिक अनुकूल. इंटरकूलरवर (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीवर) बर्फाचा थर साचू न देणे आणि त्याच्याकडे जाणारी हवेची वाट मोकळी ठेवणे उंचावर इतके महत्त्वाचे का ठरते, ते यावरून कळेल.

आपला गेज इलेक्ट्रॉनिक असेल तर एक गोष्ट तपासून घ्या. काही गेजचा सेन्सर मुळात निरपेक्ष दाबच मोजतो आणि सुरू होताना जो दाब सापडेल त्याला शून्य मानून पुढचे आकडे काढतो. असा गेज २,००० मीटरवर सुरू केला, तर तिथले ७९.५ किलोपास्कल हे त्याचे शून्य ठरते. गेज बंद न करता आपण ३,००० मीटरवर पोहोचलात, तर खरा बूस्ट ६० असताना तो ५० च्या आसपास दाखवेल. वर पोहोचल्यावर, पुढच्या चढावर निघण्यापूर्वी, इंजिन बंद असताना गेज एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की हा फरक निघून जातो. ज्या गेजमध्ये भोवतालचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर असतो, त्यांना याची गरज पडत नाही.

प्रश्न : माझ्या टर्बो किटच्या सूचनापत्रात गेजची नळी कुठे जोडायची हे दिलेले नाही. वेस्टगेटच्या डबीकडे जाणारी रबरी नळी सहज हाताशी येते. ती कापून मध्ये टी-जोड बसवला तर चालेल का? एका मित्राने इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरकडे जाणारी नळी सुचवली आहे.

उत्तर : कृपया या दोन्ही नळ्यांना हात लावू नका. दाब दोन्हीकडे मिळतो, आणि गेज पहिल्या दिवशी व्यवस्थित चालेलही. प्रश्न उद्भवतो तो पुढे कधी तरी गेजची नळी सुटली, चिरली किंवा टी-जोडाला बारीकशी गळती लागली तर.

वेस्टगेटची डबी तिच्याकडे येणाऱ्या नळीतल्या दाबावर वेस्टगेट उघडते. या नळीच्या वाटेत बहुधा बूस्ट कंट्रोलरचे बारीक छिद्र असते आणि त्यातून थोडीच हवा येते, त्यामुळे पुढे लहानशी गळतीही डबीतला दाब उतरवायला पुरते. दाब कमी पोहोचला की वेस्टगेट उशिरा उघडतो, एक्झॉस्टचे वायू टर्बाइनवरून जात राहतात आणि बूस्ट ठरलेल्या मर्यादेच्या वर चढतो. वाईट भाग असा की गेज त्याच गळक्या नळीवर बसलेला असल्यामुळे तोही खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो. म्हणजे इंजिनात दाब धोक्याच्या पातळीला पोहोचलेला असताना चालकासमोरचा काटा सर्व ठीक असल्याचे सांगत राहतो. ज्या संकटाची सूचना मिळावी म्हणून गेज बसवला, तेच संकट गेजने ओढवून आणायचे आणि लपवायचेही, असा प्रकार होतो.

रेग्युलेटरच्या नळीची कथा याहून बरी नाही. इंजेक्टर थ्रॉटल बॉडीत किंवा पोर्टमध्ये असतील, तर ते ज्या हवेत पेट्रोल फवारतात तिचाच दाब बूस्टमुळे वाढलेला असतो. म्हणून रेग्युलेटरने पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवला पाहिजे. मूळ दाब ३०० किलोपास्कल आणि बूस्ट ६० असेल तर रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ३६० हवेत. नळी गळू लागली आणि रेग्युलेटरला ६० ऐवजी ३० चाच निरोप मिळाला, तर रेलमध्ये ३३० राहतील आणि इंजेक्टरच्या दोन बाजूंतला फरक २७० वर येईल. पेट्रोलचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा पाच टक्के पेट्रोल कमी पडले. नळी पूर्ण सुटली तर फरक २४० वर येतो आणि तूट साडेदहा टक्क्यांवर जाते. पूर्ण भारावर चाललेल्या टर्बो टू-स्ट्रोकला एवढे लीन (पेट्रोल कमी असलेले) मिश्रण पिस्टनचा माथा वितळवू शकते, आणि तेही एकाच लांब चढावर.

गेजला स्वतःची वेगळी जागा द्या. टू-स्ट्रोक स्नोमोबाईलमध्ये टर्बोची हवा साधारणपणे एअरबॉक्समध्ये येते आणि तिथून थ्रॉटल बॉडी व रीड व्हॉल्व्हमधून (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पात्यांच्या झडपेतून) क्रँककेसमध्ये जाते. या एअरबॉक्सला पुष्कळदा एखादे वापरात नसलेले टोपण लावलेले पोर्ट असते. नसेल तर छिद्र पाडावे लागेल, पण त्यासाठी एअरबॉक्स काढून बाकावर घ्या. जागेवरच ड्रिल चालवले तर आत पडलेला किस सरळ सिलेंडरकडे जाण्याची भीती असते, आणि ग्रीस लावलेले ड्रिल सगळा किस पकडून ठेवते यावर मी विसंबणार नाही. छिद्र वरच्या बाजूला घ्या, हवेचा झोत जिथे सरळ आदळतो ती जागा टाळा, आणि प्लास्टिकच्या एअरबॉक्सला नुसते आटे पाडण्याऐवजी दोन्ही बाजूंनी वायसर व नट असलेले पितळी फिटिंग वापरा. आतला नट सुटता कामा नये. त्याला थ्रेड-लॉक लावणे गरजेचे आहे. या फिटिंगच्या तोंडाशीच सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र असलेला रिस्ट्रिक्टर बसवावा असे मी आग्रहाने सुचवीन. त्यामुळे रीड व्हॉल्व्हच्या धक्क्यांनी काटा थरथरत नाही, आणि पुढे नळी तुटली तरी गळती एवढ्याशा छिद्रापुरतीच मर्यादित राहते.

फोर-स्ट्रोक टर्बो असेल, उदाहरणार्थ २०१७ च्या मॉडेलवर्षात आलेल्या यामाहा साइडवाइंडरचे ९९८ सीसी तीन सिलेंडरांचे इंजिन, तर थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डवर नळी घेण्याचा पर्याय असतो. तिथे थ्रॉटल बंद असताना काटा शून्याच्या खाली जातो, म्हणून निर्वाताचा भाग असलेला गेज घ्यावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटलच्या पुढचा दाब इतका धडधडता असतो की तिथला आकडा वाचण्यात अर्थ नाही.

एअरबॉक्सवरचा आकडा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेल्या दाबापेक्षा थोडा कमी असतो, कारण मध्ये इंटरकूलर आणि पाईप असतात. वेस्टगेटला दाब कॉम्प्रेसरकडून मिळत असेल, तर स्प्रिंगवर लिहिलेला आकडा आणि गेजवरचा आकडा यांत एवढा फरक पडणारच. इंजिनाला प्रत्यक्ष मिळतो तो एअरबॉक्समधला दाब, म्हणून त्यालाच प्रमाण मानावे.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत सकाळी गेजचा काटा हलतच नाही, किंवा एका आकड्यावर अडकून राहतो. तासाभराने तो आपोआप चालू लागतो. गेज यांत्रिक आहे. तो बदलावा का?

उत्तर : दोष बहुधा नळीत आहे. यांत्रिक गेजच्या पोटात धातूची एक वाकवलेली नळी असते. फुंकल्यावर उलगडणाऱ्या कागदी पिपाणीप्रमाणे ती दाबाखाली सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाशी जोडलेला काटा फिरतो. फ्रान्समधल्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि आजही ती तशीच वापरात आहे. ती चालायला दाब तिच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. एअरबॉक्समधल्या हवेत ओल असते, चालकाच्या पायाशी उडालेला बर्फ वितळून आत जातो, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेलाची वाफही मागे येते. रात्री यंत्र उभे असताना हे सारे नळीच्या सर्वांत खालच्या वाकणात जमते आणि गोठते. सकाळी त्या बर्फाच्या गुठळीने वाट अडवलेली असते. इंजिनाची ऊब पोहोचली की गुठळी वितळते आणि गेज पुन्हा जिवंत होतो. काटा आकड्यावर अडकतो तेव्हा गुठळीने गेजच्या बाजूचा दाब कोंडून ठेवलेला असतो.

उपाय नळीच्या मार्गात आहे. एअरबॉक्सपासून गेजपर्यंत नळी सतत चढती जाऊ द्या, मध्ये कुठेही झोळ पडू देऊ नका, म्हणजे जमलेले पाणी परत एअरबॉक्समध्ये उतरेल. हंगामात अधूनमधून गेजकडचे टोक सोडून नळी कोरड्या हवेने फुंकून काढा. मात्र गेज जोडलेला असताना गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नका. नळीचा दर्जाही पाहावा लागतो. स्वस्त नायलॉनची नळी उणे २५–३० अंशांत काचेसारखी कडक होते आणि हँडलबार वळवताना वाकणाशी तडकते. सिलिकॉनची नळी थंडीत मऊ राहते, पण एक्झॉस्ट पाईपच्या किंवा टर्बाइनच्या घराच्या जवळून गेली तर खरवडून वा भाजून निकामी होते. गेज हँडलबारवर असेल तर दोन्ही बाजूंनी पूर्ण वळवून पाहा आणि नळी ताणली जात नाही एवढी सैल सोडा.

गेजच्या काचेआड द्रव भरलेला असेल, तर तो कोणता आहे हे विचारून घ्या. ग्लिसरीन थंडीत फार घट्ट होते आणि काटा मागे रेंगाळतो. अशा थंडीसाठी सिलिकॉन तेल भरलेला किंवा कोरडा गेज बरा.

प्रश्न : लांब चढावर सुरुवातीला ५० किलोपास्कल बूस्ट मिळतो आणि काही सेकंदांत तो ३५ वर उतरतो. आधी काय तपासावे?

उत्तर : आधी बूस्टबरोबर आरपीएमकडे पाहा. बूस्ट उतरताना आरपीएम नेहमीपेक्षा वर जात असेल आणि वेग कमी होत असेल, तर बेल्ट घसरतो आहे. इंजिनावरचा भार हलका झाला की एक्झॉस्टमधली ऊर्जा घटते आणि टर्बोही मंदावतो. अशा वेळी टर्बोची उस्तवार करण्यात वेळ घालवू नका. बेल्टच्या कडा आणि क्लचच्या शिव्हज (बेल्टला पकडणाऱ्या चकत्या) तपासा, त्यावर चकाकी किंवा रबराचा थर दिसेल.

आरपीएमही बूस्टबरोबरच उतरत असेल, तर हवेची आत येण्याची वाट पाहावी. भुसभुशीत ताज्या बर्फात हवेच्या जाळ्या काही क्षणांत बर्फाने भरतात. कॉम्प्रेसरला हवाच मिळेनाशी झाली की बूस्ट उतरतो, आणि थांबून बॉनेट उघडेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो, त्यामुळे पुरावा सापडत नाही. म्हणून तोच चढ दुसऱ्या दिवशी घट्ट दाबलेल्या बर्फावर करून पाहा. तिथे बूस्ट टिकला तर कारण मिळाले.

यानंतर पाईपांकडे वळावे. सिलिकॉनच्या जोडांना आतून तेलाचा थर चढतो आणि क्लॅम्प घट्ट असूनही दाबाखाली जोड किंचित सरकून फट पडते, जी इंजिन बंद केल्यावर दिसत नाही. जोड सोडून दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसा, पाईपाच्या टोकाला उभार कडा आहे का ते पाहा. गळती शोधण्यासाठी टर्बोच्या तोंडाला टोपण लावून रेग्युलेटरमधून हवा भरता येते. पण दाब नेहमीच्या बूस्टच्या वर नेऊ नका, आणि टोपणासमोर उभे राहू नका, ते निसटले तर जोरात उडते. टू-स्ट्रोकमध्ये हवा रीड व्हॉल्व्हमधून पुढे एक्झॉस्टपर्यंत जाते, तेव्हा थ्रॉटल बॉडीच्या बाजूनेही वाट बंद केल्याशिवाय ही परीक्षा खोटीच गळती दाखवते. साबणाच्या पाण्याने उरलेली जागा सापडते. सिलेंडर आणि टर्बाइन यांच्यामधल्या एक्झॉस्टच्या जोडांवर काळी रेघ उमटली असेल, तर ऊर्जा तिथून निसटते आहे.

कंपनीच्या टर्बोवर आणखी एक शक्यता राहते. आत येणारी हवा फार गरम झाली किंवा डिटोनेशनची चाहूल लागली, तर ईसीयू स्वतःहून बूस्ट कमी करतो. तिथे गेज खरी माहिती देत असतो आणि इंटरकूलर किंवा पेट्रोल हे शोधाचे विषय ठरतात. अशा वेळी वेस्टगेट घट्ट करून बूस्ट परत मिळवण्याचा मोह कटाक्षाने टाळा.

प्रश्न : बूस्ट नियंत्रणात असेल, तर हवा–इंधन प्रमाण दाखवणारा दुसरा गेज खरोखर हवा का?

उत्तर : हवा. बूस्ट गेज दाब सांगतो, हवेचे वस्तुमान सांगत नाही. तोच दाब असताना उणे २० अंशांची हवा शून्य अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के अधिक घन असते, आणि किटमधल्या साध्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नसेल, तर पेट्रोल तेवढ्याने कमी पडते. बूस्टचा काटा मात्र जागचा हलत नाही. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टमधले तेल हे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लवकर खराब करते, म्हणून तो सुटा भाग बदलण्याची तयारी ठेवावी. किंवा प्रत्येक सिलेंडरसाठी एक्झॉस्टचे तापमान मोजणारा सेन्सर आणि सोबत पेट्रोलच्या दाबाचा गेज ठेवावा. एकच काही परवडत असेल, तर किटवर मी पेट्रोलच्या दाबाचा गेज आधी घेईन.

प्रश्न : गेज निवडताना आणि बसवताना काय पाहावे? माझ्या स्नोमोबाईलला बॅटरी नाही.

उत्तर : आपला नेहमीचा बूस्ट मोजपट्टीच्या मध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत यावा. दोन बार, म्हणजे २९ पीएसआयपर्यंतच्या गेजवर अर्ध्या बारचा बूस्ट काट्याच्या जेमतेम पाव फेरीत संपतो आणि पाच किलोपास्कलची घट डोळ्यांना जाणवत नाही. तेवढ्या बूस्टला एक बारचा गेज योग्य. पीएसआय, बार, किलोपास्कल यांपैकी ज्या एककात आपल्या किटच्या सूचना आहेत तेच एकक घ्या, म्हणजे डोक्यात हिशेब करावा लागणार नाही.

बॅटरी नसेल तर यांत्रिक गेज सर्वांत निर्धोक, कारण त्याला फक्त दिव्यापुरती वीज लागते. इलेक्ट्रॉनिक गेजच हवा असेल, तर त्याला स्थिर १२ व्होल्ट डीसी पुरवठा मिळाला पाहिजे. हँडल तापवणाऱ्या तारांचा किंवा हेडलाइटचा पुरवठा काही यंत्रांत एसी असतो. जोडण्यापूर्वी मीटरने तपासा. इंजेक्टरच्या किंवा सेन्सरच्या तारांतून वीज चोरू नका, आणि वेगळा फ्यूज लावा. सेन्सर एअरबॉक्सवर थेट ठोकण्याऐवजी आखूड नळीने जोडून फ्रेमवर रबरी बुशात बसवला, तर कंपनांनी त्याचे आयुष्य कमी होत नाही. फार थंडीत एलसीडी पडद्यावरचे आकडे रेंगाळत बदलतात. काट्याचा किंवा एलईडीचा गेज त्या मानाने बरा.

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे कमाल आकडा जपून ठेवणारी स्मृती आणि मर्यादा ओलांडल्यावर पेटणारा ठळक दिवा. उतारावर, झाडांत किंवा हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात नजर गेजवर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. थ्रॉटल एकदम दिल्यावर बूस्ट क्षणभर उसळतो आणि खाली बसतो, तेव्हा इशाऱ्याची मर्यादा त्या नेहमीच्या उसळीच्या किंचित वर, सुमारे पाच किलोपास्कलने, ठेवावी. आरपीएमबरोबर बूस्ट सावकाश वरच चढत राहिला आणि खाली आलाच नाही, तर वेस्टगेटचे तोंड लहान पडते आहे किंवा त्याचा दांडा अडकतो आहे; थ्रॉटल सोडा, आणि वेस्टगेटच्या डबीची नळी व डायफ्राम पाहिल्याशिवाय पुन्हा पूर्ण थ्रॉटल देऊ नका.